खाकी कव्हरातली एकतीस पुस्तकं

आमच्या वाचनालयात पुस्तक निवडायची सोय नाही. कलकत्त्यात बालीगंजमधल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, सात कपाटं आणि त्यांत हजारभर मराठी पुस्तकं, सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं. पाठीवर फक्त आकडा. फार पूर्वीच्या कुण्या शिस्तप्रिय अध्यक्षांना इथल्या दमट हवेची धास्ती वाटली आणि त्यांनी सरसकट सगळ्यांना एकाच कागदात गुंडाळून टाकलं. कुठल्या आकड्याखाली कुठलं पुस्तक हे सांगणारी एक वही होती. तिला कसर लागली. नवी वही करायचा ठराव माझ्या डोळ्यांदेखत तीनदा झाला आहे. ठराव करण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

मी या वाचनालयाची ग्रंथपाल, दर रविवारी दहा ते बारा. जन्म इथला, वडिलांचाही इथलाच. मुलींच्या शाळेत इंग्रजीतून इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण मराठी मात्र पुण्याहून बदलून आलेल्यांपेक्षा बरं लिहिते असा माझा समज आहे. तो मी कधी लपवला नाही, त्यामुळे मैत्रिणी कमी. वाचनालयाच्या सभासदांत सरळ दोन प्रकार. एक आमच्यासारखी मुरलेली कुटुंबं. त्यांची मुलं न्यू टाउनमधल्या कंपन्यांत आहेत आणि आईशी हिंदीत बोलतात. ही मंडळी पुस्तक नेत नाहीत, पण वाचनालय टिकलं पाहिजे असं दर गणपतीत माइकवरून सांगतात. दुसरे बदलीवर आलेले, कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारात. ते पुस्तकं नेतात, आणि बदली झाली की भांड्याकुंड्यांबरोबर तीही ट्रकात चढवतात. आमची पुस्तकं आज गुवाहाटीपासून कोचीपर्यंत पोचली आहेत. कपाटात मात्र आकड्यांच्या मधे रिकाम्या जागा.

यातच चार वर्षांपूर्वी एक बाई आल्या. नवरा बँकेत अधिकारी, माहेर जळगावकडचं, वय पंचेचाळिशीचं. पहिल्या रविवारी त्यांनी कपाटांकडे पाहिलं आणि विचारलं, सुरुवात कुठून आहे. मी थट्टेने एक नंबरच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. त्यांनी ते नेलं. पुढच्या रविवारी दोन नंबरचं. मग तीन. लग्नात कसं वागावं याची पुस्तिका, शेळीपालन, कादंबरी, कुणाचं तरी आत्मचरित्र, नाटक, जे येईल ते, ओळीने. पुढे बहुतेक रविवारी दोन, सुट्ट्यांत तीन. परत करताना एकच शब्द, "बरं होतं." मी त्यांना मनातल्या मनात आकडेवाल्या बाई म्हणत असे, आणि एकदोनदा लोकांसमोरही म्हटलं. वाचन ही निवडीची गोष्ट आहे, ज्याला निवडता येत नाही त्याने दळण दळावं, असं माझं मत होतं. हे मत इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला त्याची गरज लागणार आहे.

आता मेट्रनबाई. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तिशीत होते आणि समितीची सर्वांत तरुण, सर्वांत शहाणी सभासद. एका रविवारी पन्नाशीच्या एक बाई कापडी पिशव्या घेऊन आल्या. पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, गळ्यात बारीक साखळीत क्रूस. सियालदहकडच्या एका इस्पितळात मेट्रन होत्या. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. त्यांचं मराठी ऐकून मी चमकले होते, कारण आमच्यातल्या कुणाचंच इतकं खणखणीत नव्हतं. त्यांनी मराठी ख्रिस्ती लोकांच्या रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हणून नमस्कार केला आणि समितीतले दोघे खुर्चीत चुळबुळले. त्यांना सभासद व्हायचं होतं आणि एकतीस पुस्तकं द्यायची होती. भक्तिगीतं होती, पवित्र शास्त्रावरची, म्हणजे बायबलवरची भाष्यं होती, मुलांसाठीच्या गोष्टी, दुष्काळात अनाथ मुलांसाठी शाळा काढणाऱ्या बायकांची चरित्रं, बंगालातल्या पाद्र्यांचा इतिहास, दोन जाड कादंबऱ्या. आणि त्यांच्या वडिलांनी स्वतः लिहून छापून घेतलेलं साठेक पानांचं एक पातळ पुस्तक. वडील खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते.

आमच्याकडे तेव्हा पद्धत होती, अजूनही कागदावर आहे, की देणगीचं प्रत्येक पुस्तक समितीतल्या एकाने वाचायचं आणि अर्ध्या पानाचा अहवाल द्यायचा. खाली दोनांपैकी एक शेरा, "घ्यावे" किंवा "घेऊ नये". पुस्तक परत करायचं असेल तर अहवाल त्यातच ठेवून द्यायचा, म्हणजे देणगीदाराला वाटावं की आपला विचार झाला. एकतीस पुस्तकं वाटली गेली. मास्तरांचं पातळ पुस्तक माझ्या वाट्याला आलं. मी ते ट्राममध्ये उघडलं, दोन पानं वाचली, त्यात तीनदा प्रभूच्या कृपेचा उल्लेख आला, आणि मिटलं. दोन पानं. घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: "भाषा शुद्ध व प्रासादिक. लेखकाची तळमळ जाणवते. तथापि आपल्या वाचकवर्गास उपयुक्त नाही. घेऊ नये." खाली ऐटबाज सही. तळमळ कुठून जाणवली होती देव जाणे. प्रासादिक हा शब्द मला तेव्हा नवा नवा आवडला होता.

एकतीसच्या एकतीस पुस्तकं परत गेली. सभासदत्वाचा अर्ज कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही, म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मेट्रनबाई पुस्तकं न्यायला आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. त्यांनी एवढंच विचारलेलं ऐकू आलं, की पिशव्या जड आहेत, इथे टॅक्सी कुठे मिळेल. कुणीतरी कोपऱ्यावर मिळेल म्हणून सांगितलं. पिशवी उचलायला कुणी उठलं नाही, मीसुद्धा नाही.

गेल्या वर्षी सियालदहच्या पलीकडच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. तिथल्या एक आजी एकटीची खोली सोडून दोघींच्या खोलीत जाणार आहेत, त्यांची पुस्तकं मराठी वाचनालयाला द्यायची आहेत. मी गेले. गेले म्हणजे माझ्यात काही मोठं मन उगवलं होतं अशातला भाग नाही. समितीतलं दुसरं कुणी जाणार नव्हतं, आणि समितीपेक्षा मी बरी आहे हे स्वतःला दाखवून द्यायची मला खोड आहे.

मेट्रनबाई आता नव्वदीला टेकल्या होत्या. खिडकीशी बसलेल्या, केस पांढरेशुभ्र, कान शाबूत. मी नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख दिसली नाही आणि मला हायसं वाटलं. पुस्तकं पलंगाखालच्या ट्रंकेत होती, त्याच एकतीस. त्या म्हणाल्या, "या वेळी परत पाठवू नका. माझ्याकडे आता ठेवायला जागा नाही." मग पातळ पुस्तक वेगळं काढून हातात दिलं. बाकीची कुणी वाचोत न वाचोत, पण हे वडिलांचं आहे, हे कुणी वाचलं तर मला येऊन सांगा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या त्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या गेल्या की त्या माणसाने लिहिलेलं वाचणारं जगात कुणी उरणार नव्हतं, हे त्या रडून नाही, औषधाची वेळ सांगावी तसं सांगत होत्या.

समितीची बैठक झाली. आमचे सध्याचे अध्यक्ष सरकारी कंपनीतून निवृत्त, न्यू टाउनला विसाव्या मजल्यावर राहतात, आणि तिथून सगळं जग लहान दिसत असावं. ते म्हणाले, हे धर्मांतराचं साहित्य आहे. मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, उघड आहे. उपाध्यक्षांना वाद नको होता. वाद म्हणजे नक्की काय हे त्यांना आजतागायत कुणी विचारलेलं नाही. चिटणीसबाईंचं म्हणणं की असलं सगळं हल्ली मोबाइलवर मिळतं. त्या मोबाइलवर काय वाचतात ते मला माहीत आहे, कारण सकाळी साडेसहाला फुलांसकट मलाही पाठवतात. एकाने बिक्रीवाल्याला बोलवायचं सुचवलं, म्हणजे इथला भंगार नेणारा. शेवटी विषय "विचारार्थ" ठेवला गेला. एकाही माणसाने एकही पुस्तक उघडलं नव्हतं. निदान आम्ही पस्तीस वर्षांपूर्वी दोन पानं तरी उघडत होतो, असं मला वाटलं, आणि त्यातही मला अभिमान वाटला, म्हणजे पाहा.

मग मी जे केलं ते समितीला आजही माहीत नाही. खाकी कागद आणला आणि तीन दिवस बसून एकतीस पुस्तकांना कव्हरं घातली. मास्तरांच्या पुस्तकात माझा अहवाल सापडला. कागद पिवळा पडला होता, अक्षर मात्र अजून ऐटीत. तो मी काढून पर्समध्ये टाकला. बदलीवाल्यांनी पळवलेल्या पुस्तकांचे रिकामे आकडे या पुस्तकांच्या पाठीवर घातले आणि ती मोकळ्या जागांत सरकवून दिली. आमच्या कपाटात देवळं, शेळ्या, खून, वेदान्त सगळं एकाच कागदात शेजारी बसलेलं असतं, त्यांत आणखी एकतीस खपून गेली. कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, कारण कुणी बघत नव्हतं. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. या लोकांच्या आळसाचा मला पहिल्यांदाच काही उपयोग झाला होता.

आणि मग मजाच सुरू झाली. महाराष्ट्र दिनाच्या भाषणासाठी अध्यक्षांनी कपाटातून एक जाड पुस्तक उचललं, जाड म्हणून. ते निघालं बंगालातल्या पाद्र्यांच्या इतिहासाचं. आठवड्याने त्यांनी माइकसमोर छाती काढून सांगितलं, की मराठीतली अगदी सुरुवातीची छापील पुस्तकं इथूनच थोड्या अंतरावर, हुगळीकाठी श्रीरामपूरला निघाली, बंगालशी आपलं नातं असं जुनं आहे. टाळ्या पडल्या. छापणारे कोण होते आणि कशासाठी छापत होते, तेवढं मात्र त्यांनी वगळलं. मी पहिल्या रांगेत बसून इतकी मनापासून टाळ्या वाजवत होते की चिटणीसबाईंनी वळून पाहिलं.

मास्तरांचं पुस्तक पाचशे बारा नंबरला बसलं होतं. ते कोण नेणार याचा विचार केला तेव्हा एकच नाव समोर आलं. आकडेवाल्या बाई तेव्हा साडेचारशेच्या आसपास होत्या. मी मनात हिशोब केला, सहासात महिन्यांत पोचतील. यंत्र ठरल्या वेळी ठरल्या जागी येतं, त्यात यंत्राचं कौतुक ते काय. मी वृद्धाश्रमात फोन करून पुस्तकं कपाटात लागल्याचं कळवलं. भेटायला मात्र गेले नाही. सांगण्यासारखं झालं की जाऊ, असं ठरवलं.

आकडेवाल्या बाई चारशे नव्वदवर असताना त्यांच्या नवऱ्याची बदली रायपूरला झाली. दीड महिना हातात. मी त्यांना म्हटलं, एवढे आकडे आता होणार नाहीत, मधली सोडा, हे पाचशे बारा न्या, चांगलं आहे. त्या म्हणाल्या, मधली का सोडायची, त्यांनी काय केलंय. मला हसू आवरेना. सामानाची बांधाबांध चालू असताना ही बाई आठवड्याला चार पुस्तकं नेत होती आणि चारही वेळेवर आणून देत होती. त्यांत मेट्रनबाईंची आणखी तीन होती, मुलांच्या गोष्टींसकट. तिन्हींवर अभिप्राय एकच, "बरं होतं."

शेवटच्या रविवारी त्या पाचशे बारा घेऊन आल्या. ते त्यांनी टेबलावर ठेवलं नाही, हातातच धरलं. मी सवयीने विचारलं, कसं होतं. मी मान वरही केली नव्हती. त्या म्हणाल्या, "ताई, यांची ती धाकटी मुलगी, जी कलकत्त्याला नर्स व्हायला निघाली, तिचं पुढे काय झालं?"

मला पुस्तकात धाकटी मुलगी आहे हेच ठाऊक नव्हतं. मी इतके महिने ते पुस्तक ठेवलं, सजवलं, लपवलं, त्याच्यासाठी समितीला फसवलं, पण उघडलं नव्हतं. मला तोपर्यंत ते पुस्तक म्हणजे समितीच्या तोंडावर मारायचा एक पुरावा होतं. मी सांगितलं, ती मुलगी जिवंत आहे, इथेच आहे. आकडेवाल्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, आत्ता जाता येईल का. त्यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता.

आम्ही बसने गेलो. मेट्रनबाई जेवून बसल्या होत्या. मी ओळख करून दिली की या बाईंनी वडिलांचं पुस्तक वाचलं आहे. मला वाटलं, आता "बरं होतं" येणार. पण ही जळगावची बाई पलंगाच्या कडेला टेकली आणि बोलायलाच लागली. मास्तर ख्रिस्ती झाल्यावर थोरल्या भावाने बोलणं टाकलं, पण दर दिवाळीला तो शेताच्या बांधावर फराळाचं ताट ठेवून मागे न बघता निघून जाई. मास्तर ताट रिकामं करून, घासून तिथेच ठेवत. अशी एकवीस वर्षं. पाचव्या वर्षी ताटात करंज्या नव्हत्या, कारण वहिनी वारली होती, आणि मास्तरांना भावजय गेल्याची बातमी ताटावरून कळली. मला हे सगळं तिथे, त्या खोलीत, पहिल्यांदा कळत होतं. त्या सांगत होत्या आणि मी पर्सची चेन उघडझाक करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पुस्तक तिथेच संपतं. भाऊ कधी बोलले का हो?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "नाही बोलले. वडिलांच्या मातीला आले होते, लांब उभे राहिले. त्या वर्षी दिवाळीला मी गावी होते. बांधावर ताट होतं. मी खाल्लं, घासून ठेवलं." आणि त्यांनी आकडेवाल्या बाईंचा हात हातात घेतला. दोघी रडल्या, मोकळेपणी, सख्ख्या असल्यासारख्या. या बाईला मी चार वर्षं दळण दळणारी म्हणत होते.

मग मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"आणि तुम्ही तर तेव्हाच वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा कागद मी जपून ठेवला होता. भाषा प्रासादिक, तळमळ जाणवते. बाकीच्यांनी न वाचता नको म्हटलं, ते कळत होतं मला. तुम्ही वाचून नको म्हणालात. त्याचं मला कधी वाईट नाही वाटलं. एका माणसाने तरी वाचलंय, एवढं माझ्याकडे होतं." त्यांनी दोन बोटं वर केली. "आता दोन झाले."

मी म्हटलं, "हो. वाचलं होतं."

दुसरं काय म्हणणार होते? खरं बोलायचं धैर्य असतं तर पस्तीस वर्षांपूर्वी मी पिशवी उचलायला उठले असते. मेट्रनबाई समाधानाने हसल्या. आकडेवाल्या बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली घातली. सकाळी धाकट्या मुलीचा विषय निघाल्यावर माझा चेहरा कसा झाला होता, ते त्यांनी पाहिलं होतं.

परतीच्या बसमधून वाचनालयाजवळ गरियाहाटला उतरल्यावर त्यांनी पिशवीतून पाचशे बारा काढलं आणि माझ्या हातात दिलं. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं.

"ताई, हे माझ्या नावावरून कमी करा," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या नावावर चढवा."

मी वाचनालयात परत जाऊन कुलूप उघडलं, नोंदवही काढली आणि चढवलं. इतक्या वर्षांत त्या वहीत माझं नाव घेणाऱ्यांच्या रकान्यात एकदाही आलं नव्हतं. मग दिवा लावून बसले आणि तिसऱ्या पानापासून वाचायला सुरुवात केली.